एकदा फॉर्मॅट मारू

भाच्याला पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी लागली की मामाच्या कॉम्प्युटरचं आयुष्य कमी होतं. तो दिवाळीला येतो, फराळाच्या ताटाकडे न बघता माऊस हातात घेतो, दोनदा क्लिक करतो, मान हलवतो आणि म्हणतो, "मामा, लई स्लो झालाय. एकदा फॉर्मॅट मारू."

माझा कॉम्प्युटर स्लो होता हे खरं आहे. पण मीही स्लो आहे. सकाळी मी बटण दाबायचो आणि तो जागा होईपर्यंत माझी पूजा, चहा आणि पेपर व्हायचा. मग आम्ही दोघं बरोबरच कामाला लागायचो. याला संसार म्हणतात. भाच्याचं अजून लग्न झालेलं नाही.

औंढ्यात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, सप्ताहाची पत्रकं, पावती पुस्तकं, दुकानांच्या उद्घाटनाची निमंत्रणं आणि तेराव्याची कार्डं, असा जन्मापासून पुढचा सगळा माल माझ्याकडे १९९८ पासून तयार होतो. महाशिवरात्रीच्या आधी तर मला जेवायला वेळ नसतो. आणि माझ्याकडचं प्रत्येक सॉफ्टवेअर विकत घेतलेलं आहे. हे मी चारचौघांत सांगत नाही, कारण लोक कीव करतात.

"विंडोज दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मामा. आता अकरा टाकावं लागतं."

"टाक की मग."

"त्याला टीपीएम २.० लागतं. तुमच्या बोर्डवर नाही. बोर्ड बदलावा लागल."

टीपीएम म्हणजे काय हे मी विचारलं नाही. भाच्यासमोर मामानं काही गोष्टी माहीत असल्यासारखं बसायचं असतं. "माझा डेटा?" एवढंच विचारलं. "डी ड्राइव्हला हात लावत नाही," तो म्हणाला, आणि त्यानं शब्द पाळला. डी ड्राइव्हमधली एकही फाइल हलली नाही. फक्त ती उघडायला लागणारं जे काही होतं, ते सगळं सी ड्राइव्हमध्ये होतं.

नवा बोर्ड बसला. कॉम्प्युटर डोळ्याची पापणी लवायच्या आत सुरू झाला. माझी पूजा राहून गेली. पडदा लख्ख, आवाज बंद, चिन्हं जागच्या जागी. अडचण एकच होती. तो मला ओळखत नव्हता. भाचा तोवर जिंतूरच्या एसटीत बसला होता.

आता यातली यंत्रणा थोडक्यात सांगतो, कारण ती कळेपर्यंत माझे केस होते. विंडोज पूर्वी की मागायचं. आता ते डिजिटल लायसन देतं आणि ते लायसन कॉम्प्युटरच्या अंगाशी, मुख्यतः मदरबोर्डाशी बांधलेलं असतं. नुसतं फॉर्मॅट केलं तर ते तुम्हाला ओळखून घेतं. बोर्ड बदलला की त्याच्या दृष्टीनं हा दुसराच कॉम्प्युटर, आणि त्यापुढे बसलेला मी म्हणजे कुणी तरी परका इसम. बोर्ड बदलण्याआधी लायसन आपल्या खात्याला जोडून ठेवायचं असतं, हे भाच्यानं मला फोनवर सांगितलं. एसटी जिंतूरजवळ पोचली होती.

"मग आता?"

"डब्यावर जुना स्टिकर असल की. त्यावरची की मारून बघा."

स्टिकर होता. त्यावर पंचवीस अक्षरं होती, पाचाचे पाच गट. ज्यानं ही पद्धत काढली तो माणूस विचारी असला पाहिजे. शून्य आणि ओ यांत घोळ नको म्हणून कीमध्ये दोन्ही नसतात. एक आणि आय नसतात. पाच आणि एस नसतात. एवढी काळजी घेऊन झाल्यावर त्याला बहुधा जेवायला बोलावणं आलं, कारण आठ आणि बी दोघंही राहून गेलेत. सहा आणि जी तर शेजारी शेजारी बसलेले असतात. त्यात माझा स्टिकर इतक्या वर्षांच्या पुसण्यानं निम्मा गेलेला. आमच्या घरी दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा होते आणि हळदीकुंकवाचं बोट नेमकं स्टिकरवर टेकतं. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं हळद निघते, तिच्याबरोबर एखादं अक्षर निघतं. चष्मा, भिंग, मोबाइलचा टॉर्च घेऊन मी वाचत होतो आणि बायको टाइप करत होती.

"बी."

"आठ दिसतोय, अहो."

"बी आहे."

"मग पुढचा पण बी घालू का? तोही तसाच दिसतोय."

लग्नानंतर आमच्यात इतकं सविस्तर बोलणं पहिल्यांदाच झालं. शेवटी की बरोबर पडली. पण ती विंडोज सातची होती आणि आता चालत नव्हती. गप्प बसून मी नवं विंडोज विकत घेतलं. तो एक विषय मिटला. खरं दुखणं पुढे होतं.

पुढचं दुखणं म्हणजे मराठी. ज्यांनी मोबाइलवरच मराठी लिहायला सुरुवात केली, त्यांना वाटतं की 'क' म्हणजे 'क'च असतो. आमच्या काळात तसं नव्हतं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच आहे, पण ते आमच्या दुकानापर्यंत पोचायला एसटीनं आलं असावं. तेव्हा मराठी छापायचं तर श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशी पॅकेजं मिळायची. माझं त्यातलं कोणतं की भलतंच कोणतं, हे मी सांगणार नाही. त्या कंपनीशी अजून संबंध ठेवायचे आहेत. या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांनाच मराठीचा अंगरखा घातलेला असायचा. अंगरखा आहे तोवर 'आमचे येथे श्री कृपेकरून'. अंगरखा काढला की पौंडाची खूण, दोन टिंबवाला ओ, टोपीवाला ए आणि उलटं प्रश्नचिन्ह. सत्तावीस वर्षांतल्या माझ्या सगळ्या पत्रिका आता अशा उघड्यावर आल्या होत्या.

"मग नव्या फॉन्टात पुन्हा टाइप करा की," असं मला पुष्कळांनी सांगितलं. त्यांना आमचं गिऱ्हाईक ठाऊक नाही. लग्नपत्रिका छापायला येणारा माणूस नवी पत्रिका कधीच मागत नाही. तो म्हणतो, "थोरल्याची होती तश्शीच पाहिजे. फक्त पोरगी बदला." थोरल्याचं लग्न २००४ सालचं. त्याच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून सदतीस नावं आहेत, त्यांतली नऊ आता स्वर्गवासी विभागात हलवायची आहेत आणि हलवताना एकाही जिवंत माणसाचा मान खाली जाता कामा नये. हे ज्ञान माझ्या डोक्यात नाही, त्या फाइलीत आहे. आणि फाइलीत टोपीवाला ए आहे.

या पॅकेजला डोंगल होतं. डोंगल म्हणजे प्रिंटरच्या केबलआधी कॉम्प्युटरच्या मागे, पंचवीस पिनांच्या पॅरलल पोर्टात लावायचं अंगठ्याएवढं खोकं. ते लावलेलं असलं तर मराठी उमटते, काढलं की तुम्ही निरक्षर. ते खोकं माझ्याकडे जपून ठेवलेलं होतं, प्रश्नच नाही. प्रश्न हा की नव्या बोर्डाला तसलं पोर्टच नव्हतं. भाच्यानं ऑनलाइन एक कार्ड मागवून दिलं, त्यावर ते पोर्ट होतं. डोंगल बसेना. टॉर्च मारून बघितलं तर निम्म्या पिनांभोवती सत्तावीस दसऱ्यांची हळद. वसमतच्या बाजारात गेली असती तर भाव आला असता. दाभणानं कोरून काढली, डोंगल बसलं, आणि त्याला कॉम्प्युटरनं ओळखलं नाही.

इथं शेजारचा झेरॉक्सवाला डोकावला. या गृहस्थाला मी कधी घाबरलेलं बघितलेलं नाही. त्याच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खाली 'ॲक्टिव्हेट विंडोज' अशी फिकट अक्षरं कायम असतात. तो त्यांना पडद्याचाच भाग समजतो. मध्यंतरी त्यानं एका युवा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स पडद्याचा फोटो काढून छापायला पाठवला. चौकात दहा बाय वीसचा फ्लेक्स लागला. वर नेत्याचा हात जोडलेला फोटो, खाली सर्व मित्रमंडळ आणि त्याच्या खाली 'ॲक्टिव्हेट विंडोज, गो टू सेटिंग्ज'. कुणालाही काही वाटलं नाही. उलट पुढच्या महिन्यात दुसऱ्या गटाच्या नेत्यानं विचारलं, "त्यांच्या फ्लेक्सवर खाली इंग्रजीत होतं, ते आमच्यावर का नाही?"

"तुझं लायसन कुठंय रे?" मी त्याला विचारलं.

"गाडीचं का?"

मी गप्प बसलो.

"मराठीच पायजे ना? हाय की माझ्यापाशी. पेनड्राइव्हात सगळंच हाय. तुमचंच व्हर्जन. क्रॅक."

माझंच व्हर्जन! ज्याचे मी १९९८ साली नगद पैसे मोजले, त्यासाठी म्हैस विकायचं घरात चाललं होतं, ते याच्या खिशात किल्ल्यांच्या जुडग्याला लटकत होतं. मी तत्त्वाचा माणूस आहे, पण लग्नाची तिथी जवळ आली की तत्त्वाला थोडं बाजूला बसवता येतं. म्हणलं, लाव.

त्यानं पेनड्राइव्ह लावला आणि कोपऱ्यात लाल चौकट उगवली. आमचा अँटिव्हायरस. या सगळ्या राड्यात एकच लायसन विनातक्रार परत मिळालं होतं ते याचं. तीन वर्षांचे पैसे भरलेले, त्यामुळे तोही इमानी. त्यानं माझ्या देखत तो पेनड्राइव्ह अंगणासारखा झाडून काढला. क्रॅक गेला, सगळी पॅकेजं गेली, आणि जाता जाता झेरॉक्सवाल्याच्या मेव्हणीच्या हळदीचे व्हिडिओही गेले, ते कशात मोडले कुणास ठाऊक. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो आणि काम पडू देत नाही.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं दोन ओळींत उरकतो. त्याच्या मदत केंद्रातला मुलगा म्हणाला, "सर, फॉर्मॅट करण्याआधी तुम्ही लायसन सरेंडर करायला पाहिजे होतं." आमच्या मराठवाड्यानं एकच सरेंडर बघितलंय, निजामाचं, सप्टेंबर १९४८ मधलं, आणि त्यालाही आधी कुणी तसं सांगितलं नसावं.

मराठी पॅकेजचं बिल शोधायला मी लोखंडी कपाट उघडलं. घरात कागद जपण्याची आमची रीत थोर आहे. आजोबांच्या काळातली उर्दू शिक्क्याची शेतसाऱ्याची पावती सापडली. हाली शिक्क्यातली सावकाराची चिठ्ठी सापडली. बंद पडलेल्या फ्रिजचं गॅरंटी कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्याला रबर लावलेलं. सॉफ्टवेअरचं बिल मात्र हळदीच्या एका पट्टीच्या पाठीमागे टाचलेलं होतं, कारण त्या हळदीतूनच ते घेतलं होतं. बिलासोबत कराराचा कागदही निघाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो वाचला आणि खाली बसलो. त्यात म्हटलं होतं, हे सॉफ्टवेअर तुम्हाला विकलेलं नाही, फक्त वापरायला दिलेलं आहे. म्हणजे सत्तावीस वर्षं मी बटईनं करत होतो. सातबारा कंपनीचा, घाम माझा, आणि बांध ओलांडला की पुन्हा विचारून यायचं. आमच्या भागातल्या कुळांसाठी १९५० साली हैदराबाद कूळवहिवाटीचा कायदा झाला. कसणाऱ्याचं नाव जमिनीला लागलं. वापरणाऱ्याचं नाव सॉफ्टवेअरला लावणारा कायदा अजून कुठल्या विधानसभेत आलेला नाही. आला तर माझी वहिवाट सिद्ध आहे, डोंगलातली हळद पुरावा म्हणून हजर करतो.

मग मी कंपनीच्या टोल फ्री नंबरावर आलो. मराठीसाठी तीन दाबा. दाबला. मराठीचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत, असं हिंदीत कळलं आणि गाणं सुरू झालं.

ते गाणं ऐकताना माणूस विचारी होतो. आमच्या औंढ्याजवळ, दुधाळ्याच्या शिवारात, लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. २६०० कोटींचं काम, ११ मे २०२३ ला पंतप्रधानांनी पायाभरणी केली. चार चार किलोमीटरचे दोन हात असतील, आणि शंभर कोटी प्रकाशवर्षांपलीकडं दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर त्यांचा हादरा इथं कळेल. म्हणजे प्रोटॉनच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाइतकी हालचाल त्या यंत्राला समजणार. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी २०१५ साली ते करून दाखवलंय. आणि दोन फुटांवर बसलेला मी गेली सत्तावीस वर्षं तोच आहे, हे माझ्या कॉम्प्युटरला समजेना.

"नमस्ते सर, मैं आपकी क्या सहायता कर सकती हूँ?"

ग्राहक क्रमांक सांगितला. तो तिला सापडला. मला भरून आलं.

"सर, आप कहाँ से बोल रहे हैं?"

"औंढा."

"औंध, पुणे?"

"औंढा. नागनाथ."

"ओके, नागनाथ सर. ॲड्रेस कन्फर्म कीजिए."

"औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली."

कीबोर्डचा आवाज थांबला. "सर, हमारे रेकॉर्ड में परभणी है. आप हिंगोली कब शिफ्ट हुए?"

"मी कुठं शिफ्ट झालो नाही. जिल्हा शिफ्ट झाला."

"सर?"

"१ मे १९९९ ला. परभणीतून हिंगोली वेगळा काढला. मी बिल घेतलं ९८ ला."

"सर, डिस्ट्रिक्ट कैसे शिफ्ट होगा?"

आता हिला काय सांगावं? आमच्या गावात जिल्हा हलणं ही किरकोळ बाब आहे. इथं नामदेव महाराजांना कीर्तनासाठी देवळाच्या मागं जायला लावलं, तेव्हा अख्खं देऊळ फिरून त्यांच्यासमोर आलं. आजही नंदी मागच्या बाजूला दाखवतात. देवानं फिरताना कुणाला पत्ता बदलल्याचा पुरावा दिला नव्हता. मला तो मागितला गेला.

एका कचेरीत गेलो. तिथले साहेब म्हणाले, "कुठून कुठं राहायला गेलात?"

"कुठंच नाही."

"मग दाखला कशाचा देऊ?"

"मी कुठंच गेलो नाही याचा."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि पंख्याखालच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. शिपायानं पाणी दिलं.

शेवटी कंपनीनंच ऑनलाइन अर्ज भरायला पाठवला. त्यात आधी मी यंत्रमानव नाही हे सिद्ध करायचं होतं. नऊ चित्रांपैकी ज्यांत फायर हायड्रंट आहे ती निवडा. आमच्याकडे आग लागली की बंब येतो, रस्त्याच्या कडेला लाल नळकांडं उभं नसतं. बायकोनं ती सगळी चित्रं एका दमात बरोबर निवडली. कशी, ते सांगत नाही. मग गुप्त प्रश्न आला, तुमच्या पहिल्या शाळेचं गाव? मी औंढा लिहिलं. चूक. आता औंढ्याचं इंग्रजी स्पेलिंग एसटीच्या पाटीवर एक, दुकानांवर दुसरं आणि माझ्या मार्कशीटवर तिसरंच आहे. १९९८ साली माझ्या हातून कोणतं पडलं होतं, ते नागनाथालाच ठाऊक. तोही टप्पा पार पडला. मग पडद्यावर आलं की नोंदणीकृत दूरध्वनीवर ओटीपी पाठवला आहे. नोंदणीकृत दूरध्वनी म्हणजे आमचा लँडलाइन. त्याची तार माकडांनी तोडल्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण डबा भिंतीवर आहे. त्याच्यावर विणलेला रुमाल आहे. आम्ही दोघं थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसलो.

पुन्हा फोन. पुन्हा गाणं. पुन्हा तीच पोरगी, किंवा तिच्यासारखाच आवाज. यावेळी ती म्हणाली, "चिंता मत कीजिए, नागनाथ सर, मैं मैन्युअली कर देती हूँ." मला तिचा मुका घ्यावासा वाटला, पितृभावानं. माझं नाव नागनाथ नाही हे मी तिला सांगणार होतो. बायकोनं हातानं खूण केली, गप्प बसा.

संध्याकाळी मेल आला. लायसन मंजूर. की टाकली, फॉन्ट बसले आणि २००४ सालच्या थोरल्याची पत्रिका सदतीस नावांसह मराठीत उघडली. मी दोन्ही हात जोडले. मग लायसनचा कागद छापून नीट वाचला. लायसनधारकाचं नाव श्री. नागनाथ, आडनाव औंढा, जिल्हा परभणी. मुदत एक वर्ष. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की नूतनीकरणाच्या वेळी मूळ लायसनधारकानं फोटो असलेलं ओळखपत्र घेऊन स्वतः व्हिडिओ कॉलवर हजर राहावं.

नागनाथाचा गाभारा जमिनीच्या खाली आहे. वाकून, सरपटत उतरावं लागतं. तिथं मोबाइलला रेंज येत नाही.